शिक्षिका की कामगार? इंदूरमधील एका शाळेच्या सहायिका आणि युनियनचा प्रश्न : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिम भागातील एका खाजगी सीबीएसई शाळेत २०२४ च्या सुरुवातीस सव्वीस सहायिका काम करीत होत्या. नर्सरीपासून दुसरीपर्यंत प्रत्येक वर्गाला एक वर्गशिक्षिका आणि तिच्या हाताखाली एक सहायिका अशी रचना होती. वर्गशिक्षिकेला मुले ‘मॅम’ म्हणत आणि सहायिकेला ‘दीदी’. पालकसभेच्या दिवशी मॅम टेबलामागे बसत, तर दीदी दाराशी उभ्या राहून पालकांच्या सह्या घेत. नेमणूकपत्रावर मात्र सगळ्यांचे पद ‘सहायक शिक्षिका (मानधन)’ असे छापलेले होते. पुढच्या दीड वर्षातील जवळजवळ सगळा वाद या तीन शब्दांभोवतीच फिरला.

मानधन महिन्याला ८,५०० रुपये होते. पत्र दरवर्षी नवे मिळे आणि त्यावर १५ जून ते ३० एप्रिल अशी मुदत असे, त्यामुळे मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा बिनपगारी जाई. हा पगार नसून मानधन आहे, असे कारण देऊन पीएफ कापला जात नव्हता. सर्वांत जुन्या सहायिकेला अशी अकरा पत्रे मिळालेली होती आणि ती सगळी त्यांनी साड्यांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती.

सव्वीसपैकी निम्म्याहून अधिक जणी लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा वस्त्यांतील मराठी घरांतल्या होत्या. मी छोट्या आस्थापनांची पगारपत्रके आणि पीएफची कामे करते. त्यांच्यापैकी एकीची नणंद माझ्या ओळखीची असल्यामुळे ही पत्रे वाचून दाखवण्यासाठी मला बोलावले गेले, आणि त्यानंतर मी या प्रकरणातून बाहेर पडू शकले नाही. म्हणून पुढील मांडणी तटस्थ निरीक्षकाची नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न कसा उभा राहिला

जानेवारी २०२४ मध्ये शाळेने एक परिपत्रक काढून सहायिकांना आळीपाळीने बस ड्यूटी लावली. सकाळी पावणेसातला पहिल्या थांब्यावर बसमध्ये चढायचे आणि दुपारी शेवटचे मूल उतरेपर्यंत बसमध्येच राहायचे. वाढीव दोन-अडीच तासांचे वेगळे पैसे नव्हते. कुरकुर झाली, पण कोणी लेखी काही दिले नाही.

फेब्रुवारीत केजीतला एक मुलगा उतरताना पायरीवरून घसरला. सहायिका त्या वेळी मागच्या सीटवर उलटी झालेल्या मुलीला सावरत होती. मुलाचे मनगट सुजले, हाड मात्र मोडले नव्हते. संध्याकाळी शाळेने तिला बोलावून घेतले आणि आधीच टाइप केलेल्या माफीपत्रावर सही करायला सांगितले. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ अशीच त्या पत्राची सुरुवात होती. तिने सही केली. महिनाअखेरीस तीन दिवसांचे मानधन कापून हातात आले. पैशांबद्दल ती माझ्याशी फारसे बोललीच नाही. तिचे म्हणणे एवढेच होते की, “ताई, ते कागद फायलीत राहणार ना? मग पुढच्या वर्षी कोणी दुसऱ्या शाळेतून फोन करून विचारलं तर?”

मार्चच्या पहिल्या रविवारी लोकमान्य नगरातील एका घराच्या व्हरांड्यात सतरा जणी जमल्या. त्या घरातील आजोबा इंदूरच्या हुकुमचंद मिल या कापड गिरणीचे कामगार होते. १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडलेल्या या मिलच्या कामगारांची थकबाकी देण्याचा मार्ग अखेर डिसेंबर २०२३ मध्ये मोकळा झाला आणि २२४ कोटी रुपयांचे वाटप सुरू झाले. तोवर त्यांच्यापैकी पुष्कळ कामगार हयात नव्हते. पोह्यांच्या बशा फिरत असताना आजोबा म्हणाले की, युनियनने पिच्छा सोडला नाही म्हणून पैसे मिळाले. आजींनी आतूनच उत्तर दिले, “बत्तीस वर्षांनी!” इंदूरच्या मराठी घरांत युनियन हा शब्द असा दोन्ही अंगांनी येतो. कामगार नेते होमी दाजी १९६२ साली या शहरातून लोकसभेवर निवडून गेले आणि त्यांच्या सभांच्या आठवणी घरोघरी आहेत, पण गिरण्यांचे भोंगे बंद झाल्याच्या आठवणीही त्याच घरांत आहेत. हे सांगण्याचे कारण असे की, त्या व्हरांड्यात बसलेल्या बायकांचा संकोच अज्ञानातून आलेला नव्हता. युनियन काय असते ते त्यांना चांगले माहीत होते.

दुसऱ्या बाजूला एक ताजे उदाहरणही त्यांच्यापुढे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सरकारी शाळांतील अतिथी शिक्षकांचे मानधन दुप्पट करण्याची घोषणा केली होती. “त्यांची संघटना आहे म्हणून मिळालं,” असे एकीने म्हटले. ते खरेच होते, पण त्या घोषणेनंतर दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक होती, आणि खाजगी शाळेच्या संचालकांना कोणतीही निवडणूक लढवायची नसते.

कायद्यातला पेच

संघटना स्थापण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. त्या वेळी लागू असलेल्या ट्रेड युनियन कायदा, १९२६ नुसार सात जणी नोंदणीसाठी अर्ज करू शकत होत्या; मात्र २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या आस्थापनेतील किंवा उद्योगातील किमान दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सदस्य असावे लागत. श्रमायुक्तांचे कार्यालय इंदूरलाच असल्यामुळे भोपाळच्या फेऱ्यांचाही प्रश्न नव्हता. म्हणजे युनियन काढता येते का, याचे उत्तर सोपे होते. काढून उपयोग काय, हे अवघड होते.

कामावरून काढण्याविरुद्धचे संरक्षण, समेट अधिकाऱ्यापुढची सुनावणी आणि कामगार न्यायालय हे सगळे औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये होते, आणि तो कायदा फक्त ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच लागू होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात शिक्षणसंस्था हासुद्धा उद्योगच आहे असे ठरवले. परंतु १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, शाळा उद्योग असली तरी शिकवणारा शिक्षक कामगार नव्हे, कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे, कारकुनी किंवा तांत्रिक काम नाही. कारकून, शिपाई, आया यांना हा निकाल आड येत नाही. व्यक्ती कोणत्या गटात पडते हे पदाच्या नावावरून ठरत नाही. ती मुख्यतः कोणते काम करते, त्यावरून ठरते.

मग सहायिका कोण? हे मी त्या व्हरांड्यात समजावून सांगितले तेव्हा काही क्षण कोणी बोलले नाही. इतकी वर्षे ज्या मानासाठी त्या धडपडल्या, तो मान मान्य करून घेतला तर संरक्षण जाते. आणि संरक्षण हवे असेल तर ‘आम्ही शिकवत नाही, आम्ही डबे उघडतो आणि नाके पुसतो’ हे स्वतःच लिहून द्यावे लागते. कायद्याच्या हिंदी पाठात ‘कामगार’ यासाठी ‘कर्मकार’ असा शब्द आहे. तो वाचल्यावर बी.एड. झालेली एक सहायिका ताडकन म्हणाली, “मी कर्मकार म्हणून सही केली, तर उद्या शिक्षिकेच्या जागेसाठी कोणत्या तोंडाने अर्ज करू?”

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय प्रत्येकीने आपापले बोलण्याचा होता. तो तीन वर्षे चालूच होता आणि त्यातून काही निघाले नव्हते. दुसरा, मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली एखादे सहायिका मंडळ काढण्याचा होता. बी.एड. झालेल्या तिघींना तो आवडला, कारण त्यात कर्मकार हा शब्द कुठेच येत नव्हता. पण अशा मंडळाला औद्योगिक वाद उभा करता येत नाही, आणि हळदीकुंकवाच्या मंडळापेक्षा त्याची शाळेवर अधिक छाप पडली असती असे मला वाटत नाही.

तिसरा पर्याय स्वतःची नोंदणीकृत युनियन काढण्याचा आणि चौथा एखाद्या केंद्रीय कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेचे सदस्य होण्याचा होता. स्वतःच्या युनियनमध्ये सूत्रे हातात राहतात, पण घटना, दप्तर, वार्षिक विवरण आणि पदाधिकाऱ्यांची नावे हे सगळे सांभाळावे लागते, आणि ज्यांची पत्रे दर जूनला नव्याने निघतात त्यांच्यापैकी अध्यक्ष व्हायला कोण पुढे येणार? केंद्रीय संघटनेकडे वकील असतो आणि श्रम कार्यालयात तिची ओळख असते. मात्र प्रत्येक संघटनेच्या मागे एखादा राजकीय रंग असतो, आणि घरात सासरे एका झेंड्याचे नि नवरा दुसऱ्या, अशी स्थिती असलेल्या चौघी होत्या.

पाचवा मार्ग युनियनवर अवलंबून नव्हता आणि त्याकडे सुरुवातीला कोणाचेच लक्ष नव्हते, माझेही पुरेसे नव्हते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेला पीएफचा कायदा लागू होतो, आणि त्यात शिक्षिका की कामगार हा प्रश्नच येत नाही. ग्रॅच्युइटीचेही तसेच आहे. अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने नेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिक्षकांना ग्रॅच्युइटी नाकारली होती. त्यावर संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने शिक्षकांनाही हक्क दिला, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ही लढाई शिक्षकांनी संघटित होऊनच लढली होती, हे त्या तिघींना सांगितल्यावर त्यांचा विरोध थोडा सैल झाला.

काय केले गेले

माझ्या सुचवणीवरून प्रत्येकीने दोन आठवडे कामाची डायरी लिहिली. नर्सरीतल्या एका सहायिकेच्या वहीतील एका दिवसाच्या नोंदी अशा होत्या : ‘६.४५ बस. ८.०० प्रार्थना, रांगा. ८.२० तिघांना टॉयलेट. ९.०५ मॅम शिकवतात, मी वह्यांवर तारीख घातली. १०.१० डबे, चार मुलांचे उघडून दिले, एकाला भरवले. ११.०० एकाची चड्डी बदलली, आईला फोन. ११.४० मॅम ऑफिसात, मी अंक म्हणून घेतले, २० मिनिटे.’ शेवटची ओळ सोडली तर दिवसभरात शिकवणे कुठेच नव्हते. परंतु बी.एड. झालेल्या सहायिकेने वर्गशिक्षिकेच्या प्रसूतीरजेत तीन महिने अख्खा वर्ग सांभाळला होता, आणि तिच्या वहीत शिकवण्याशिवाय दुसरे काही नव्हते. दोन्ही वह्या खऱ्या होत्या. एकाच गठ्ठ्यात मात्र त्या एकमेकींच्या विरुद्ध साक्ष देत होत्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेला एक संयुक्त अर्ज देण्याचे ठरले. त्यात पीएफ, बस ड्यूटीचे पैसे आणि नेमणूकपत्रात कामांची यादी या तीनच गोष्टी मागितल्या होत्या. पहिली सही कोणाची, यावर अर्धा तास गेला. शेवटी कागदाच्या मध्यभागी ताटली ठेवून तिच्याभोवती गोलात बावीस सह्या केल्या, म्हणजे पहिली आणि शेवटची सही ओळखूच येऊ नये. ऑफिसने आवक शिक्का मारायला नकार दिल्यामुळे अर्ज रजिस्टर्ड ए.डी.ने पाठवला.

शाळेने उत्तर दिले नाही. एकेकीला केबिनमध्ये बोलावून “आपण तर एका घरातली माणसं, घरातली गोष्ट पोस्टाने कशाला?” असे विचारले गेले. चौघींनी सही मागे घेतल्याचे लिहून दिले. जूनमध्ये तिघींना नवे पत्र मिळाले नाही : बसमधली सहायिका, डायरीच्या वह्या गोळा करणारी सहायिका, आणि अशी एक जण, जिने सहीपलीकडे काहीच केले नव्हते. तुकड्या कमी झाल्याचे कारण तोंडी सांगितले गेले.

त्यानंतर, म्हणजे जुलैत, एकोणीस जणी एका केंद्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सदस्य झाल्या. वर्गणी वर्षाला १२० रुपये होती. संघटनेने सहायक श्रमायुक्तांकडे वाद नेला. शाळेच्या वकिलांनी दिलेल्या लेखी उत्तराचा आशय असा होता की, या सर्व महिला शिक्षिका असून अध्यापनाचे कार्य करतात, सबब त्या कर्मकार नाहीत आणि या कार्यालयाला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही. ज्यांना पालकसभेत कधी खुर्ची मिळाली नव्हती, त्यांना शाळेने शिक्षिका म्हटल्याचा हा पहिला कागद.

परिणाम

तीन तारखांनंतर तोंडी तडजोड झाली. फक्त सही केलेल्या तिसरीला परत घेतले गेले. बसमधली सहायिका न्यायालयात गेली नाही. ती आता घराजवळच्या एका पाळणाघरात जाते आणि तिचे माफीपत्र, माझ्या माहितीप्रमाणे, अजून शाळेच्या फायलीतच आहे. वह्या गोळा करणारी कामगार न्यायालयात गेली. तेथे २४० दिवसांच्या सलग सेवेचा (वर्षात इतके दिवस भरले की सेवा सलग धरतात) मुद्दा तिच्या बाजूचा आहे, कारण पगारी रविवार आणि सुट्ट्या त्यात धरल्या जातात असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलेले आहे. अडचण १९४७ च्या कायद्यातील कलम २(ण-ण)च्या पोटकलमाची आहे : मुदतीचा करार संपून तो पुन्हा केला नाही, तर ती कामगार कपात, म्हणजे कायद्याचे संरक्षण असलेले कामावरून काढणे, ठरत नाही. साडेदहा महिन्यांची पत्रे याच पोटकलमाकडे पाहून लिहिली जातात. हे प्रकरण प्रलंबित आहे.

बस ड्यूटीसाठी महिन्याला ८०० रुपये सुरू झाले आणि प्रत्येक बसवर एक पुरुष मदतनीसही आला. पीएफची तक्रार वेगळी केली होती. नोव्हेंबर २०२४ पासून शाळेने सर्व सहायिकांचा पीएफ भरायला सुरुवात केली. मागील वर्षांच्या थकबाकीची चौकशी चालू आहे. बारा टक्के कापून गेल्यावर हातात ८,५०० ऐवजी ७,४८० येऊ लागले, त्याबद्दल दोघी आजही मला बोल लावतात, आणि १,०२० रुपयांत गॅसची टाकी येते हे त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक तारखेची झाली. ज्यांची मुदत ३० एप्रिलला संपते त्यांनी एप्रिलमध्ये मागणी करणे म्हणजे शाळेच्या हातात आयती कात्री देणे होते. हाच अर्ज ऑगस्टमध्ये गेला असता तर सत्राच्या मध्यावर कोणाला काढणे शाळेला इतके सोपे झाले नसते, आणि काढले असते तर त्याला करार संपल्याचे कारण देता आले नसते.

दुसरी चूक क्रमाची. युनियनच्या कामाबद्दल कामावरून काढणे ही १९४७ च्या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुचित कामगार प्रथा होती, पण तिघींना वगळले तेव्हा त्या कोणत्याच युनियनच्या सदस्य नव्हत्या. सदस्यत्व भांडणाच्या आधी घ्यायचे असते. सहायिकांनी युनियनमध्ये जावे का, असे मला कोणी विचारले तर मी होच म्हणते. मात्र सगळे सुरळीत चालू असताना जावे.

तिसरी चूक माझी. सगळ्यांना एकाच नमुन्याची डायरी लिहायला लावून मी बी.एड. झालेल्या सहायिकेला अशा दाव्यात ओढले, जो तिचा नव्हताच. तिचे प्रकरण शिक्षिका म्हणून वेगळे मांडायला हवे होते. तिने पुढे सही मागे घेतली याचा मला राग नाही. आता ती दुसऱ्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी हे दोन्ही गटांना सामावणारे विषय होते आणि सुरुवात तेथूनच व्हायला हवी होती. माफीपत्राबाबत एवढेच म्हणता येईल की, त्याच रात्री स्वतःच्या शब्दांत घडलेली हकिगत लिहून शाळेला पोस्टाने पाठवली असती, तर फायलीत एकाऐवजी दोन कागद राहिले असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाल्यामुळे वरील काही कलमांची जागा बदलली आहे. मुदतीच्या कर्मचाऱ्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी देण्याची नवी तरतूद अशा सहायिकांच्या सोयीची आहे. उलट, मुख्यतः धर्मादाय किंवा सामाजिक सेवा करणाऱ्या संस्थांना ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळले आहे, आणि शाळा चालवणारे ट्रस्ट आपण त्यांतच मोडतो असे म्हणणार, याविषयी मला शंका नाही.

अकरा पत्रे आणि बारावे

सर्वांत जुन्या सहायिकेला, म्हणजे आमच्या काकूंना, जून २०२४ मध्ये बारावे पत्र मिळाले होते. एप्रिल २०२५ मध्ये वयाचे कारण देऊन त्यांना निरोप दिला गेला. शाल आणि नारळ मिळाला. त्यांनी ग्रॅच्युइटीचा अर्ज केला : ८,५०० गुणिले १५ भागिले २६, गुणिले १२ वर्षे, म्हणजे ५८,८४६ रुपये. शाळेने उत्तर दिले की, अर्जदार या मानधनावरील मदतनीस होत्या, प्रत्येक पत्र स्वतंत्र होते, म्हणून सलग सेवा नाही.

ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या नियंत्रण प्राधिकाऱ्यापुढे आम्ही काकूंचे प्रत्युत्तर दाखल केले, तेव्हा त्यासोबत श्रम कार्यालयातील शाळेच्या वकिलांचे २०२४ चे निवेदन जोडले आणि ‘या सर्व महिला शिक्षिका असून’ या शब्दांखाली काकूंनी स्वतः लाल पेनने रेघ ओढली. बाबूने मूळ पत्रे मागितली. काकूंनी पिशवीतून बारा पत्रे काढली, वर्षाच्या क्रमाने टेबलावर मांडली, झेरॉक्सशी एकेक ताडून पाहू दिले, आणि मोजून परत पिशवीत घातली.